जीवाला लागलेला घोर आणि त्याचं खरं माप

मराठवाड्यात कुणाला ‘काळजी करू नका’ असं सांगायला तोंड धजावत नाही. ऐन काढणीत आभाळ भरून आलंय, सोयाबीन कापून रानात पडलंय, आणि पारावरचा कुणी शहाणा म्हणतो, ‘सकारात्मक विचार करा.’ ऐकणाऱ्याला राग येतो आणि तो बरोबरच असतो. इथल्या माणसाची काळजी हवेतून आलेली नाही. १९७२चा दुष्काळ आजीआजोबांनी अंगावर काढला. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीत काय झालं, हे लातूर-धाराशिवकडच्या घराघराला ठाऊक आहे. २०१६त मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं आणि २०२५च्या सप्टेंबरात याच मराठवाड्यात पुरानं रानं खरवडून नेली. इतकं बघितलेल्या मनाला ‘काही होत नाही’ हे पटत नसतं. पटवायच्या भानगडीतही पडू नये.

म्हणून काळजी कायमची घालवायचा उपाय इथे मिळणार नाही. तिला तिच्या खऱ्या मापात ठेवायची रीत मात्र आहे आणि ती शिकता येते. दोन एकर सोयाबीन भिजण्याची काळजी दोन एकरांएवढीच असावी. तिनं पोरीचं शिक्षण, सासऱ्याचं दुखणं, चारचौघांतली अब्रू असं अख्खं शिवार व्यापू नये.

पद्धत समजायला एक उदाहरण धरू. औसा तालुक्यातल्या गावातली एक बाई, वय पंचेचाळिशीच्या आसपास. मुलगी लातूरला नीटची, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेची, तयारी करतेय, खोलीभाडं आणि मेसचा खर्च आहे. घरी चार एकर कोरडवाहू, सोयाबीन आणि तूर. सोसायटीचं पीककर्ज आहे, वर हातउसने घेतलेले वेगळेच. रात्री डोळा लागत नाही. ही बाई मी रचलेली आहे, पण अशा घरांचा इकडे तोटा नाही. तिला आपण काकू म्हणू.

आधी अंग, मग डोकं

छातीत धडधडतंय, हाताला घाम फुटलाय, पोटात कालवतंय, अशा वेळी विचारांशी वाद घालायला बसू नका. शरीर तेव्हा पळायच्या नाहीतर भिडायच्या तयारीत असतं आणि त्या अवस्थेत मनाला शांतपणे हिशोब जमत नाही. पहिली पाच मिनिटं शरीराला द्या. नाकानं सावकाश श्वास घ्या, मनात चारपर्यंत आकडे मोजत. सोडताना सहापर्यंत मोजा. घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावायचा, एवढंच यातलं मर्म. श्वास सोडताना हृदयाचे ठोके आपोआप थोडे मंदावतात, त्याचाच हा फायदा. भाता ओढल्यासारखे जोरजोरात श्वास मात्र घेऊ नका. त्यानं चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात आणि घाबरलेला माणूस आणखी घाबरतो.

श्वासाकडे लक्ष दिल्यावर काहींना उलट गुदमरतं. त्यांनी मुठी, खांदे, जबडा असा एकेक भाग पाच-सात सेकंद आवळून धरावा आणि एकदम सैल सोडावा. एडमंड जेकबसन या अमेरिकन डॉक्टरांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही पद्धत बसवली आणि आजही ती शिकवली जाते. रानात, एसटीत, बँकेच्या रांगेत, कुठंही करता येते.

आता चहा-तंबाखूकडे येऊ, कारण हे कुणी बोलत नाही. उपाशीपोटी कपावर कप चहा आणि वर तंबाखूचा विडा, यातल्या कॅफिननं आणि निकोटिननं धडधड वाढते. मग त्याच धडधडीला आपण ‘टेन्शन’ म्हणतो. तंबाखू तोंडात टाकल्यावर बरं वाटतं हे खरं, पण ती शांतता बरीचशी तलफ भागल्याची असते. एकदम सोडा असं मी म्हणणार नाही. दुपारी चारनंतरचा चहा बंद करून आठवडाभर झोपेत काय फरक पडतो ते बघा.

आणि प्रत्येक धडधड काळजीचीच असते असंही समजू नका. थायरॉइड वाढलेलं असेल, रक्त कमी असेल, मधुमेहाच्या गोळीनं साखर फार उतरली असेल तरी हात थरथरतात, छाती उडते. त्रास नवा असेल तर आधी रक्त तपासून घ्या. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ आणि दरदरून घाम असं एकत्र आलं, तर श्वास मोजत बसू नका, गाडी काढून दवाखाना गाठा.

एका वाक्यात लिहून काढा

‘लई टेन्शन हाय’ एवढ्यानं काही हाती लागत नाही. वही घ्या, पोरांच्या जुन्या वहीची मागची पानं चालतील, आणि काळजी एका वाक्यात लिहा. ते वाक्य मोघम असेल तर स्वतःलाच विचारत राहा, ‘म्हणजे नेमकं काय?’ काकूंचं असं झालं असतं:

‘सगळंच बिघडायलंय.’
म्हणजे नेमकं काय?
‘पोरीचं कसं व्हतंय की.’
म्हणजे?
‘टेस्टला मार्क कमी पडायलेत.’
बरं, मग?
‘सरकारी कॉलेजला नंबर लागला नाही, तर खाजगीची फी आपल्याच्यानं व्हायची नाही.’

इथं थांबायचं. आता हातात एक घटना आहे, तिला ढोबळ तारीख आहे, आकडा आहे. ‘सगळंच’ या शब्दाला यातलं काहीच नव्हतं.

त्याच पानावर मधोमध रेघ ओढा. डावीकडे जे पक्कं माहीत आहे ते, उजवीकडे जो अंदाज आहे तो. काकूंच्या डावीकडे येईल: गेल्या तीन टेस्टचे गुण, परीक्षेची तारीख, या वर्षीचा खोलीचा खर्च. उजवीकडे: ‘तिचं अभ्यासात लक्षच नाही’, ‘नंबर लागणार नाही’, ‘लोक हसतील’. बहुतेकांची उजवी बाजू लांबलचक निघते. मन चिंती ते वैरी न चिंती असं आपल्याकडे म्हणतात, ते उजवी बाजू वाचताना कळतं. पण ती बाजू खोडू नका. अंदाज खरेही ठरतात. फक्त ते अंदाज आहेत, एवढी चिठ्ठी त्यांना लागली पाहिजे.

कर्जाच्या बाबतीत ही पायरी टाळण्याकडे कल असतो. आकडा लिहायचीच भीती वाटते. मला तर वाटतं, कर्जाची निम्मी दहशत एकूण बेरीज न केल्यामुळे असते. सोसायटी, बँक, मायक्रो फायनान्सचा गट, कृषी सेवा केंद्राची उधारी, हातउसने, सगळं एका पानावर घ्या. कुणाचं, किती, व्याज काय, कधीपर्यंत. बेरीज मोठी निघेल, पण तिला शेवट असेल. रात्री अंथरुणात येणाऱ्या आकड्याला शेवट नसतो.

तीन रकाने

आता प्रत्येक काळजीपुढे लिहा: हातातलं, अर्धं हातातलं की हाताबाहेरचं. ग्रीक-रोमन काळातला एपिक्टेटस नावाचा तत्त्वज्ञ गोष्टींचे दोनच भाग करायचा, आपल्या ताब्यातल्या आणि ताब्याबाहेरच्या. तो गुलामगिरीत वाढलेला माणूस, त्याला तसं करणं भाग असावं. शेतकऱ्याचं दोन भागांत भागत नाही. त्याचं निम्म्याहून जास्त आयुष्य मधल्या रकान्यात असतं.

पाऊस हाताबाहेरचा. पण कापलेल्या सोयाबीनची गंजी उंचवट्यावर लावणं आणि तिच्यावर धड ताडपत्री टाकणं हातातलं. मळणीयंत्र कधी मिळेल हे अर्धं हातातलं: तारीख आधी धरून ठेवता येते, त्या दिवशी यंत्र बिघडणार नाही याची हमी देता येत नाही. बाजारभाव हाताबाहेरचा, पण सगळा माल एकाच दिवशी विकायचा की काही वखारीत ठेवायचा, हे बऱ्याच घरांना थोडंफार ठरवता येतं. ज्यांना उधारी चुकवायला त्याच आठवड्यात विकावंच लागतं, त्यांना नाही येत. हेही प्रामाणिकपणे लिहायचं.

मुलीचे गुण काकूंच्या हातात नाहीत. तिला वेळेवर पैसे पोचणं, आजारपणात बोलावून घेणं, फोनवर गुणांखेरीज दुसरं काहीतरी बोलणं, हे आहे.

हाताबाहेरच्या रकान्यातल्या गोष्टी सोडून द्या, असं सांगितलं जातं. सुटत नाहीत त्या. त्यांच्यासाठी पुढं वेगळी वेळ ठरवली आहे. आत्ता इतकंच, की त्यांच्यावर ‘उपाय शोधतोय’ असं स्वतःला भासवायचं नाही. घोर फार हुशार असतो. तो कामाचं सोंग घेतो. रात्रभर जागून विचार केला की आपण घरासाठी काहीतरी केलं असं वाटतं, आणि म्हणूनच तो सुटत नाही.

जे हातात आहे त्याचा तुकडा पाडा

पहिल्या रकान्यातली एक गोष्ट घ्या आणि तिचा आज, फार तर उद्या होईल असा तुकडा पाडा. ‘कर्जाचं बघायचं’ हा तुकडा होत नाही. ‘सोमवारी सकाळी अकराला बँकेत जाऊन शेती अधिकाऱ्याला कर्जाच्या पुनर्गठनाबद्दल, म्हणजे फेडीची मुदत नव्यानं बांधून घेण्याबद्दल, विचारायचं’ हा होतो. नैसर्गिक आपत्ती जाहीर झाली असेल तर पीककर्जाचं पुनर्गठन करण्याची तरतूद रिझर्व्ह बँकेच्या नियमांत आहे. तुम्हाला ती लागू आहे का, हे विचारल्याशिवाय कळणार नाही. कुणी बेकायदा सावकार जमीन लिहून मागत असेल किंवा घेऊन बसला असेल, तर महाराष्ट्राचा २०१४चा सावकारी नियमन कायदा आहे आणि तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे करता येते. ही माहिती काळजीच्या लेखात कशाला, असं कुणी म्हणेल. पण अर्ज करून सुटणाऱ्या दुखण्यावर नुसते श्वासाचे व्यायाम सांगणं मला अप्रामाणिक वाटतं.

काही काळज्या निर्णयाच्या असतात. करू की नको, आज की उद्या. त्यांच्यासाठी डोकं थंड असताना निकष ठरवून ठेवा. पेरणीचं उदाहरण बघा. पहिली सर आली की शेजारचा तिफण काढतो, आणि आपला जीव खालीवर होऊ लागतो. परभणीचं कृषी विद्यापीठ आणि कृषी विभाग दरवर्षी सांगतात, की ७५ ते १०० मिलीमीटर पाऊस झाल्याशिवाय खरिपाची पेरणी करू नका. हा आकडा मे महिन्यातच भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून टाका. मग जूनमध्ये रोज सकाळी प्रश्न उरतो एवढाच: आपल्या मंडळात एकूण किती पडला? शेजाऱ्याच्या तिफणीकडे बघून निर्णय होत नाही. दुबार पेरणी पूर्ण टळेल असं नाही, पण रोज पन्नास वेळा तोच निर्णय घ्यायचा त्रास वाचतो.

हवामानाच्या अंदाजाचंही तसंच. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. दर दहा मिनिटांनी मोबाईल उघडल्यानं ढग हलत नाही. अपवाद विजेचा. रानात असताना कडकडाट सुरू झाला तर झाडाखाली थांबू नका, पक्क्या घराकडे निघा. दामिनी ॲप त्यासाठीच आहे. तिथली भीती कामाची असते.

अंतर घेणं

आता मुख्य भाग. काळजी डोळ्याला चिकटली की तिच्यापलीकडचं दिसत नाही. तिला थोडं लांब धरायच्या काही रीती आहेत. सगळ्या सगळ्यांना लागू पडत नाहीत. दोन-तीन वापरून बघा आणि आपली ठरवा.

पण त्याआधी, अंतर घेणं म्हणजे काय नव्हे ते सांगतो. ‘तुझ्यापेक्षा त्याचं बघ, त्याचं तर घरच वाहून गेलं’ हे अंतर घेणं नव्हे. दुसऱ्याच्या मोठ्या दुःखानं आपलं लहान होत नाही. फक्त ते बोलून दाखवायची लाज वाटते, आणि लाजेनं दाबलेली काळजी आणखी मुरते. घरातल्या बायकांच्या बाबतीत हे फार होतं. ‘तुला काय कमी आहे?’ या एका प्रश्नानं किती जणींची तोंडं कायमची बंद झालीत!

पहिली रीत, काळाची. विचारा: ही गोष्ट पुढच्या आठवड्यात केवढी असेल? पुढच्या दिवाळीला? दहा वर्षांनी? दूरच्या भविष्यातून बघितल्यावर आजचा त्रास कमी जाणवतो, असं मानसशास्त्रातल्या प्रयोगांतून दिसलं आहे. पण कोरडं ‘दहा वर्षांनी काही वाटणार नाही’ म्हणू नका, तपशील भरा. दहा वर्षांनी काकूंची मुलगी अठ्ठावीसची असेल. कुठं असेल, काय करत असेल, यातल्या चार शक्यता लिहिल्या की ‘नीट गेली म्हणजे जन्म गेला’ हे वाक्य त्या पानावर विसंगत दिसायला लागतं. उलटं जाऊनही बघता येतं. गेल्या वर्षी याच महिन्यात कशानं झोप उडाली होती? बऱ्याच जणांना आठवतच नाही. ज्यांना आठवतं, त्यांनी त्यातून आपण कसे निघालो तेही आठवावं, कारण निघालो हेच आपण विसरतो. ताज्या शोकाला मात्र ही रीत लावू नका. माणूस गेल्याच्या तिसऱ्या दिवशी ‘काळ हे औषध’ सांगणाऱ्याला कुणी आपलं मानत नाही.

दुसरी रीत, स्वतःला नावानं हाक मारायची. ‘मला काय होईल?’ असं न विचारता, आपलं नाव घेऊन, ‘अमुकला आत्ता कशाची भीती वाटतेय? तिनं आता काय करावं?’ असं मनात बोलायचं. मिशिगन विद्यापीठातले ईथन क्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर प्रयोग केले. भाषण करायच्या आधी स्वतःशी नावानं बोललेल्या लोकांना ‘मी’ म्हणत विचार करणाऱ्यांपेक्षा कमी त्रास झाला. आपल्याला हे परकं नाही. रस्त्यानं गाडी घसरता घसरता वाचली की ‘बापू, जरा दमानं’ असं आपण स्वतःलाच बजावतो. तेच जरा ठरवून करायचं. जमत नसेल तर भाचीनं हीच अडचण घेऊन फोन केला असता तर तिला काय सांगितलं असतं, ते लिहा. भाचीला आपण कधी ‘तुझं संपलं आता’ असं सांगत नाही.

तिसरी रीत मला सगळ्यांत उपयोगी वाटते: गोष्ट पुढं न्यायची. भीतीतली गोष्ट नेमकी वाईट प्रसंगाला थांबते. निकाल लागला, गुण कमी, अंधार. त्यापुढचं मन दाखवतच नाही. तर कागदावर तीन शेवट लिहा. सगळ्यांत वाईट, सगळ्यांत चांगला आणि जास्त करून होईल तो. मग वाईट शेवटाच्या खाली लिहा, ‘आणि मग दुसऱ्या दिवशी?’

काकूंचं पान असं दिसेल. वाईट: ७२०पैकी गुण इतके कमी, की एमबीबीएसला सरकारी जागा नाही. आणि मग? त्याच नीटच्या गुणांवर बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएसचे प्रवेश होतात. पशुवैद्यकाचेही होतात, आणि ती महाविद्यालयं उदगीरला आणि परभणीला, म्हणजे घराजवळच आहेत. बी. फार्मसी आणि कृषी पदवीसाठी राज्याची सीईटी वेगळी असते, तिचा अर्ज वेळेत भरला पाहिजे. पुन्हा एक वर्ष द्यायचं तर त्याचा खर्च किती आणि मुलीची तयारी आहे का, हे आधी तिलाच विचारायला हवं. बघा, वाईट शेवटाच्या पोटातून दोन कामं निघाली: सीईटीच्या अर्जाची तारीख बघणं आणि मुलीशी बोलणं. रात्रभर तळमळून ती निघाली नव्हती.

चौथी रीत, नोंद. वहीच्या एका पानावर रोज एकेक काळजी लिहायची: काय होईल असं वाटतं आणि कधीपर्यंत. महिन्यानं समोर लिहायचं, झालं की नाही. अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२०त असाच एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात अतिचिंतेचा विकार असलेल्या लोकांच्या काळज्यांपैकी सुमारे ९१ टक्के खऱ्याच झाल्या नाहीत. सहभागी थोडेच होते, आणि त्यांना कोरडवाहू शेती करायची नव्हती, हेही लक्षात घ्या. तुमचा आकडा वेगळा येईल. पण तो तुमचाच असेल, कुणी समजूत घालायला सांगितलेला नसेल, म्हणून मनाला पटतो. ज्या काळज्या खऱ्या झाल्या त्यांच्यापुढं आणखी एक गोष्ट लिहा: वाटलं होतं तेवढंच वाईट झालं की कमी, आणि निभावलं कसं.

काळजीची वेळ ठरवा

‘विचारच करायचा नाही’ असं ठरवलं की तोच विचार येतो. डॅनियल वेग्नर यांनी १९८७मध्ये लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगून बसवलं, आणि त्यांच्या डोक्यातून अस्वल जाईना. त्यामुळे बंदी घालू नका, वेळ नेमून द्या. १९८३ साली थॉमस बॉर्कोवेक आणि सहकाऱ्यांनी ही पद्धत तपासली: रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी अर्धा तास काळजी करायची, आणि एरवी आली तर तिला त्या वेळेवर ढकलायचं.

करायचं असं. संध्याकाळी सहा ते साडेसहा धरा. रात्रीची वेळ नको आणि अंथरूण तर नकोच. जागा एकच ठेवा. भरल्या घरात एकांत मिळत नाही, तर गच्ची, गोठ्याजवळची बाज, देवळाचा मागचा ओटा, काहीही. दिवसभरात घोर आला की वहीत नाहीतर हातावर दोन शब्द लिहायचे, ‘फी’, ‘बोंडअळी’, ‘आईचा गुडघा’, आणि स्वतःला सांगायचं, ‘सहाला.’ मग हातातल्या कामाकडे परत. सहाला बसल्यावर चिठ्ठीतला एकेक शब्द घेऊन खुशाल काळजी करा. हाताबाहेरच्या रकान्यातली मंडळीही इथंच बोलवायची. गंमत अशी की सकाळी डोंगराएवढे वाटलेले निम्मे शब्द सहा वाजता वाचताना नुसते शब्दच राहतात. उरतील त्यांच्यावर वरच्या रीती वापरा. साडेसहाला उठायचंच, गुरांना पाणी दाखवायला का होईना.

पहिले काही दिवस जमत नाही. दोन आठवडे नेमानं करून मग ठरवा.

कुणाशी बोलावं, किती बोलावं

बोलल्यानं हलकं वाटतं, पण कसं बोलतो यावर आहे. रोज त्याच चौघांनी त्याच पारावर बसून तेच गाऱ्हाणं उगाळलं तर उठताना प्रत्येकजण आपल्या घोरासोबत दुसऱ्या तिघांचाही घेऊन उठतो. गावाचे व्हॉट्सॲप ग्रुप म्हणजे चोवीस तास भरलेला पार. पावसाळ्यात कुठल्या तरी जुन्या पुराचा व्हिडिओ ‘आत्ताचा’ म्हणून फिरतोच. ग्रुप म्यूट करा आणि सरकारी इशारा थेट बघा.

बोलायला एखादंच माणूस निवडा, जे मध्येच तोडणार नाही आणि गावभर करणार नाही. सुरुवातीलाच सांगा, ‘मला नुसतं सांगायचंय’ किंवा ‘मला सल्ला हवाय.’ आणि कुणी तुमच्याकडे आलं तर ‘काही होत नाही’ म्हणायची घाई करू नका. ‘कधीपासून वाटतंय असं?’ एवढं विचारून गप्प बसा.

धीर मागत राहण्याचीही सवय लागते. काकू मुलीला दिवसातून सात-आठ फोन करतात: जेवलीस का, अभ्यास झाला का, किती पडले. प्रत्येक फोननंतर पंधरा मिनिटं बरं वाटतं आणि मग पुन्हा चुळबुळ. मुलीच्या डोक्यावर मात्र दर फोनला आईचीही काळजी चढते. दोघींनी ठरवावं, सकाळी एक आणि रात्री जेवणानंतर एक. मधल्या वेळात फोन करावासा वाटला तर आधी अर्धा तास थांबून बघायचं. ती ओढ चढते आणि आपसूक उतरते, हे अनुभवल्याशिवाय कळत नाही.

ही वही पुरेशी नाही, हे कधी ओळखावं

बहुतेक दिवस घोर, त्यावर ताबा राहत नाही, आणि असं सहा महिने चाललंय. झोप मोडलीय, चिडचिड, अंगदुखी, कामात लक्ष नाही. हा आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. दवाखान्यात सात प्रश्नांची एक छोटी प्रश्नावली देतात, गेल्या दोन आठवड्यांबद्दल. २१पैकी १० किंवा जास्त गुण आले तर सविस्तर तपासणी करतात. समुपदेशन असतं, लागलं तर गोळ्या. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, म्हणून चार दिवसांत सोडू नका. मेडिकलवरून शेजाऱ्याच्या चिठ्ठीवर झोपेच्या गोळ्या घेणं आणि संध्याकाळची दारू, हे दोन्ही उपाय दिसतात आणि दुखणं वाढवतात. देवाला जरूर जा, गोळी चालू ठेवून जा.

जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्य विभाग असतो. छत्रपती संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाई, लातूर, नांदेड इथल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत मनोविकारतज्ज्ञ मिळतात. जाणं जमत नसेल तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६. फोन फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

जगणं नको असा विचार येत असेल, स्वतःच्या किंवा घरातल्या कुणाच्या मनात, तर वही बाजूला ठेवा. त्याच दिवशी १४४१६ला फोन किंवा थेट दवाखाना. त्या माणसाला एकटं सोडू नका. फवारणीच्या औषधांचे डबे घरातून हलवा, भावकीत ठेवा, कुलपात ठेवा. असा विचार अनेकदा थोड्या वेळाचा असतो आणि त्या वेळात हाताशी काय आहे यावर जीव अवलंबून असतो. ‘पोलीस केस होईल’ या भीतीनं लपवू नका. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानं असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरलं जातं, आणि त्याला उपचार देणं ही सरकारची जबाबदारी ठरते. ‘असले विचार येतात का?’ असं सरळ विचारल्यानं डोक्यात विचार घुसत नाही. उलट बोलायला वाट मिळते.

रात्री तीनला जाग आली तर

सगळं नीट केलं तरी ही वेळ येते. अंधारात प्रत्येक काळजी वाढते, कारण तेव्हा करण्यासारखं काहीच नसतं. बँक बंद, मुलगी झोपलेली, रान अंधारात. त्या वेळेच्या हिशोबावर विश्वास ठेवू नका आणि कुठलाही निर्णय घेऊ नका. मोबाईलमध्ये वेळही बघू नका. साधारण वीस मिनिटं झोप आली नाही असं वाटलं की अंथरूण सोडा. तळमळत पडून राहिलं की अंथरुणाची आणि घोराची सांगड पक्की होते. ओसरीत बसा, मंद दिव्यात काहीतरी कंटाळवाणं वाचा, वहीत दोन शब्द लिहून ‘सहाला’ म्हणा. डोळे जड झाले की परत आडवे व्हा. पुन्हा जाग आली तर पुन्हा उठा. सकाळी उठायची वेळ मात्र बदलू नका. रात्र कशीही गेली तरी रोजच्याच वेळेला उठायचं, आणि त्या दिवशी दुपारची डुलकी टाळायची.